नुसतं बघितलं तरी

मामा: …तिला मी उत्तर पाठवलंच नाही. नऊ वर्षं झाली.

भाची: कुणाला, मामा? मी तुला पान एकशे चाळीसवरचा तक्ता वाचून दाखव म्हटलं, तर तू मध्येच पत्राचं काय काढलंस?

मामा: याच पानाबद्दल होतं ते पत्र. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईचं. जाऊ दे. तू लिही. सातवी खूण… नाही, थांब. लिहू नकोस.

मामी: लिही म्हणता, लिहू नको म्हणता. पोरगी सकाळपासून मान मोडून टाईप करतेय तुमचं पुस्तक.

मामा: माझं कसलं पुस्तक! त्यावर माझं नावसुद्धा नाही. ‘तांत्रिक विभाग’ असं आहे.

मामी: तांत्रिक विभाग म्हणजे हे आणि एक टेबलफॅन. पण मला सांग ठकू, यांचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली. हे पुस्तक ज्या चिपचं, ती चिप आता कुणी बनवत नाही. मग हा खटाटोप कशाला?

भाची: बनवत नाहीत, पण वापरात आहेत ना, मामी. हजारो लिफ्टच्या दारांत बसल्यात. त्यांतले प्रोग्राम जुन्या भाषेत लिहिलेत. मेमरीत कुठेही हात घालतात, एकाच्या जागेत दुसऱ्याचं सामान टाकतात. आम्ही काही जण ते नव्या भाषेत लिहितोय. ही भाषा भलती कडक आहे. असली चूक दिसली की प्रोग्राम तयारच होऊ देत नाही.

मामी: माझ्या सासूबाईंसारखी.

भाची: तशीच. पण सासूबाईंना आधी घर दाखवावं लागतं. चिपमध्ये कुठल्या पत्त्यावर कुठला कप्पा, कप्प्यातली कुठली खूण, म्हणजे कुठला एक-शून्य, कशाची, हे सगळं एका फाईलमध्ये लिहून द्यायचं. हार्डवेअरचं वर्णन म्हणतात त्याला. ते एकदा दिलं की भाषा डोळे मिटून खरं मानते.

मामा: हेच. डोळे मिटून.

भाची: आणि या चिपचं वर्णन आता एकाच ठिकाणी उरलंय, मामाच्या पुस्तकात. मूळ आराखडे कारखान्याने रद्दीत घातले.

मामा: म्हणून सांगतो, हे पान चुकलंय. बाकीची तीनशे… म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे… बरोबर असावीत. हे मात्र नक्की चुकलंय.

भाची: काय चुकलंय?

मामा: दाराच्या सेन्सरचा कप्पा. सेन्सर बिघडला की तिथे सातवी खूण उमटते. मी लिहिलंय, ती मुद्दाम पुसेपर्यंत तशीच राहते. तसं नाही. नुसती वाचली तरी पुसली जाते.

भाची: वाचली तरी?

मामा: एकदाच वाचता येते. आधीच्या चिपमध्ये ती राहायची. मी तो तक्ता जुन्या पुस्तकातून उचलला. आराखडा काढणारे गृहस्थ मला जिन्यात भेटले होते, ‘सातवी बदललीय हं’ म्हणाले. मी चिठ्ठीवर लिहून ती चष्म्याच्या डबीत ठेवली. आणि त्याच आठवड्यात चष्मा बदलला. नवा चष्मा, नवी डबी.

मामी: शहाणपण जुन्या डबीत.

भाची: हसू नका, हे गंभीर आहे. या भाषेचा पायाच असा आहे की एखादी गोष्ट दहा जणांनी बघितली तरी चालेल, बदलायची असेल तर एकट्यानेच. बघण्याने काही बिघडत नाही, असं ती धरून चालते.

मामी: म्हणजे पाहुण्यांनी माझं फडताळ खुशाल बघावं, पण डबे हलवायचे ते मीच.

भाची: अगदी. आणि इथे फडताळ बघितलं की डबा रिकामा! मी पुस्तकाप्रमाणे लिहिलं असतं, तर प्रोग्रामचा एखादा भाग सहज डोकावला असता, बिघाडाची खूण गेली असती, आणि दार मिटणाऱ्या भागाला सगळं आलबेल दिसलं असतं. दारात कुणाचा हात असता तरी. वर आमचा शिक्का: ‘सुरक्षित’. काय होतं त्या पत्रात?

मामा: सापडायचं नाही आता.

मामी: शिवणाच्या डब्याखाली आहे. थांब, आणते.

मामा: तुला ठाऊक होतं?

मामी: नऊ वर्षं त्यावर डबा कोण ठेवतंय? घे गं. मोठ्याने वाच. यांनी वाचलं तर आवाज माझ्यापर्यंत पोहोचायचा नाही.

भाची: ‘माननीय तांत्रिक विभाग. इस्पितळातली एक लिफ्ट दाराचा बिघाड दाखवून मध्येच थांबते. मी बोर्डाला लॅपटॉप लावून सातवी खूण बघते, तर ती नसते आणि लिफ्ट मुकाट चालू लागते. मी निघून गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबते.’

मामी: दवाखान्याच्या दारात दात दुखायचा थांबतो तसं.

भाची: ‘साहेब म्हणतात, बिघाड नाहीच, तक्रार बंद करा. सहकारी म्हणतात, मला भास होतात. तुमच्या पुस्तकात खूण पुसेपर्यंत राहते असं स्पष्ट लिहिलं आहे. पुस्तक चुकलं असेल असं म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा बघण्यात माझीच काही चूक होत असणार. ती कोणती, एवढंच कळवावं. मंगळवारपर्यंत मी लिफ्ट माझ्या जबाबदारीवर बंद ठेवली आहे.’

मामा: मला बुधवारी मिळालं. पण तो बहाणा झाला.

भाची: तू तपासलं होतंस?

मामा: त्याच दिवशी. कपाटातला त्याच चिपचा बोर्ड काढून. तिचं काही चुकलं नव्हतं, ठकू. तिचा लॅपटॉप जोडताक्षणीच आपणहून, तिच्या आधी, खूण वाचत होता आणि पुसत होता.

भाची: बोर्ड आहे अजून? दे इकडे. तुझ्यावर विश्वास आहे, पण मी स्वतः बघितल्याशिवाय लिहिणार नाही. ही केबल… हां. मामी, ती सेन्सरची वायर काढ. लाल. आता बघ, सातव्या जागी एक आला.

मामी: आला.

भाची: पुन्हा वाचते.

मामी: अगंबाई! शून्य. वायर तर माझ्या हातात आहे अजून!

मामा: अगदी असंच. मीही त्या दिवशी दोनदा खुर्चीतून उठलो.

भाची: मग दोन ओळी लिहायच्या होत्यास रे.

मामा: लिहिल्या की. पहिल्या मसुद्यात सबबीच फार. दुसरा फार रडका. तिसऱ्यात एक वाक्य बरं साधलं होतं. मग वाटलं, माफीच्या पत्रात वाक्य साधायला बसणारा माणूस कसला…

मामी: अकरा कागद. अकरावा फाडल्यावर हे जेवलेसुद्धा नाहीत.

मामा: तेवढ्यात महिना गेला. महिन्याने लिहायचं तर उशिराचीही माफी मागायला हवी. ती कशी मागायची ते ठरेपर्यंत वर्ष गेलं. आपलंच चुकत असणार, असं म्हणत आयुष्य काढलंय मी. ते कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि तिला खुशाल त्यात बसू दिलं.

भाची: मामा. इकडे बघ. रडतोयस का?

मामा: नाही. चष्मा जड झालाय.

मामी: चहा ठेवते. साखर जास्त घालते तुमच्यात.

मामा: ठकू, एक करता येईल? तू गुपचूप बरोबर लिही. ‘वाचली की पुसते.’ झालं. कुणाला काही सांगायला नको.

भाची: नाही चालायचं. तपासणारे पुस्तक उघडतील, त्यात वेगळं दिसेल, आणि माझी ओळ ‘सुधारतील’. आज नाही तर दोन वर्षांनी कुणीतरी अगदी प्रामाणिकपणे सुधारेल. शेजारी कारण लिहावंच लागतं. पुस्तक चुकलंय आणि असं कोण म्हणतंय.

मामा: कोण म्हणतंय म्हणजे… नाव?

भाची: नाव. ‘पुस्तकाचे लेखक’ असं.

मामा: जगभर दिसेल?

भाची: फाईल सगळ्यांना खुली असते. जगात जेवढे लोक असल्या फायली वाचतात, तेवढ्यांना. चाळीस असतील.

मामी: चाळीस! यांच्या साठाव्या वाढदिवसाला वीस माणसं होती, तर हे गच्चीत पाण्याची टाकी तपासत बसले होते.

मामा: गळत होती ती. पण ठकू, लोक म्हणतील, एक पान चुकलं म्हणजे बाकीचीही चुकली असतील.

भाची: मग तपासू ना आपण बाकीची. दर रविवारी येते मी. तू वाच, मी बोर्डावर बघते. तीनशे पानांना लागायचं ते लागू दे. मामीचा चहा आहेच.

मामी: यजमानीणबाईंना कुणी विचारलं?

भाची: नाही म्हणशील?

मामी: रविवारी अकराच्या आत यायचं नाही. एवढंच.

मामा: लिही माझं नाव. पण आज नको. आधी तिला कळू दे. चाळीस जणांना सांगितलं आणि तिला सांगायचं राहिलं, तर मी पुन्हा तेच केलं. आणि त्या ओळीत माझ्या आधी तिचं नाव घाल. चूक तिने शोधली. मला नुसती माहीत होती.

भाची: तिची परवानगी लागेल.

मामा: तेही पत्रात विचारतो.

भाची: पत्ता तोच असेल का पण?

मामी: नसला तर पत्र परत येईल. मग शोधू. अहो, बसा बघू इथे. हा कागद. एकच देणार आहे.

मामा: टाईप नको ना करायला?

भाची: नको. तुझं अक्षर सुरेख आहे. आणि वाक्य साधलं तर साधू दे, फाडायचं नाही.

मामा: …ऐका हं. ‘तुमच्या बघण्यात काही चूक नव्हती. पुस्तक चुकलं होतं आणि ते मी लिहिलं होतं. ती खूण वाचताच पुसली जाते. तुमचा लॅपटॉप ती तुमच्या आधी वाचत होता. लिफ्ट बंद ठेवलीत ते योग्यच केलंत. हे सगळं मला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं.’ मग परवानगीचं विचारलंय. मग सही. ते ‘त्याच दिवशी’चं वाक्य काढू का?

मामी: काढून बघा. दुसरा कागद मिळायचा नाही.

मामा: राहू दे मग. सहीखाली आणखी एक ओळ लिहितो आणि पाकीट बंद करतो. तुम्ही चपला घाला.

(कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

मामा: तिकीट नीट चिकटलंय ना?

मामी: दोनदा बघितलंत. त्याने काही पुसलं जात नाही, पण पुरे.

भाची: टाक मामा. मागे बाई उभ्या आहेत पाकीट घेऊन.

मामा: हो, हो. माफ करा हं… टाकलं.

भाची: शाब्बास.

मामा: फार राग येईल तिला.

मामी: येऊ दे. तिचा हक्कच आहे.

मामा: म्हणूनच सहीखाली आपला फोन नंबर लिहिलाय.