काकाजींनी घासलेला आरसा

चूक आमच्या काकाजींची होती, दुसऱ्या कोणाचीही नाही. कापसाच्या तेजीत घरात पैसा आला, तसं त्यांना वाटायला लागलं की अक्कलही आली.

अकोल्याच्या रेल्वेवाल्या साहेबाची माणसापेक्षा उंच दुर्बीण होती. अश्विनी नक्षत्राजवळ ताऱ्यांचा एक पुसट भोवरा आहे, साध्या डोळ्यांना न दिसणारा. तो बघायचा म्हणून मी शाळा सोडून साहेबाच्या हाताखाली लागलो. दुर्बीण चिखलदऱ्याच्या डोंगरावर न्यायची होती; वाटेवर पडतं म्हणून त्याने तिचा धातूचा आरसा आमच्या अमरावतीच्या घरी ठेवला.

साहेब म्हणाला, "अवसेला वर जाऊ. पहिला डोळा तू लावायचा. तोवर आरशाला बोट लावायचं नाही."

अवस वीस दिवसांवर होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. दसऱ्याला वलगावहून आपट्याची पानं घेऊन परतलो, तर पूजेत औत, विळे, तराजू आणि मधोमध हळदकुंकू लावलेला आरसा!

"काकाजी, हे काय केलं?"

"अबे, काळा पडून राहिला होता. चिंच अन् राख लावून मीच घासला."

"आता त्यात तोंड तरी दिसते काय?"

त्यांनी वाकून पाहिलं. "धुकट दिसते. पण दसऱ्याले हत्यार घाण ठेवते काय कोणी? शाळा सोडली म्हणून तुले हेबी समजत नाही."

साहेब आला आणि त्याने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. काकाजी त्याला म्हणाले, "साहेब, अजून एकडाव घासू काय?"

साहेबाने त्याच दिवशी मला कामावरून काढलं. तो भोवरा मी आजवर पाहिलेला नाही.