चोचीचं भांडं आणि मेणाचं कडं

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "अहो, दोन तास काय करत होतात?" काय करत होतो! तुम्हाला सांगतो, दोन तास मी एका भांड्यात डोकं घालून बसलो होतो, आणि डोकं बाहेर काढलं तेव्हा भांडं होतं तसंच होतं, फक्त माझ्या भुवईला मेण लागलं होतं. हसू नका. तुमच्यापैकी कुणी मेणबत्त्यांची भांडी घासली आहेत का? नाही ना? करपलेल्या दुधाची पातेली घासली असतील, तेलकट कढया घासल्या असतील, पण ते सगळं बालवाडीतलं काम. करपलेलं दूध निदान कबूल तरी करतं, की बाबा रे, मी करपलंय, घास मला. मेण काही म्हणजे काही कबूल करत नाही. कोमट असताना हाताला चिकटतं, गार झालं की नखात शिरतं, उकळतं पाणी ओतलं की शहाण्यासारखं वर तरंगतं आणि पाणी ओतून दिलं की पुन्हा काठाला जाऊन बसतं. मेण निघत नाही हो, मेण जागा बदलतं.

त्याचं असं झालं, की मी निवृत्त झालो. चौतीस वर्षं एका कचेरीच्या टपाल विभागात काढली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सवयीने आंघोळ केली, भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलो, आणि अकराच्या सुमाराला लक्षात आलं, की आज आपल्याला कुणी हाकच मारलेली नाही. घरात मात्र नुसती धावपळ! कारण आमची ही आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, दोघी मिळून गेली सहा वर्षं मागच्या खोलीत मेणबत्त्या करतात. मी दिवसभर बाहेर असायचो, मला वाटायचं छंद आहे. छंद कसला, कारखाना आहे तो! शेगडीवर पाण्याचं पातेलं, पाण्यात ते चोचीचं भांडं, भांड्यात मेण वितळतंय, टेबलावर साचे मांडलेत, साच्यांत वाती ताठ उभ्या, आणि ही वरून अशी बारीक धार सोडते... एक थेंब बाहेर नाही. बघत राहावंसं वाटतं. आणि बघता बघता वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल.

म्हणून म्हटलं, मला एक ओतू दे. एकच. खरं सांगू का, हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती. घरात दोन बायका उभ्या राहून काहीतरी घडवतायत आणि आपण पेपरातलं शब्दकोडं सोडवतोय, हे माझ्या मनाला लागत होतं. मला ओतायचं होतं. त्यावर ही काय म्हणाली? "आधी भांडी साफ करायला शिका, मग बघू." त्या 'मग बघू'ला आता आठ महिने झालेत.

बरं, शिकवणार कोण? कुणी नाही. पहिल्या दिवशी मी आपलं गरम पाणी घेतलं, साबण घेतला, भांडं मस्त खळखळून धुतलं आणि पाणी दिलं मोरीत सोडून. वाटलं, सुटलो. चार दिवसांनी मोरी तुंबली. प्लंबर आला. त्याने खालचा पाइप काढला, उलटा करून आपटला, आणि आतून हा एवढा वीतभर लांब, गोल गरगरीत, पांढरा स्वच्छ दांडा बाहेर पडला. प्लंबरने तो उचलून उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाला, "काका, वात घातली असतीत तर विकता आला असता." मेहुणी इतकी हसली की तिला बसावं लागलं. माझी पहिली मेणबत्ती ही अशी, मोरीच्या पाइपात झाली!

मग कागदाने पुसून बघितलं, लाकडी चमच्याने खरवडून बघितलं, हिचं केस वाळवायचं यंत्र लावून बघितलं. त्या यंत्राने मेण वितळलं, अगदी छान वितळलं, आणि फुंकरीबरोबर उडून भिंतीवर गेलं. मी सांगतो ना, मेण निघत नाही, जागा बदलतं! दाराच्या कडीला मेण, चष्म्याच्या काडीला मेण, टीव्हीच्या रिमोटमध्ये आवाज वाढवायचं बटण कायमचं आत बसलेलं. अहो, अंगठ्याला मेणाचा इतका थर चढला की माझ्याच फोनने मला ओळखायचं सोडून दिलं. अंगठा ठेवला की म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. सारखं आपलं पुन्हा प्रयत्न करा. घरातही तेच, फोनमध्येही तेच.

त्यातल्या त्यात चोचीच्या भांड्याच्या आत, वरून चार बोटं खाली, मेणाचं एक कडं होतं. बांगडीसारखं, गोल, पातेल्यातलं पाणी तिथवर पोचत नाही म्हणून न वितळता थरावर थर चढून दगड झालेलं. खालचा सगळा भाग मी चकाचक करायचो, पण त्या कड्यापाशी आलो की हात टेकायचे. आणि ही लांबूनच म्हणायची, "राहू द्या तेवढं." मला वाटायचं, दया दाखवतेय. म्हातारा थकला, राहू दे. आता चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला 'राहू द्या' म्हटल्यावर झोंबणार नाही का? मी मनाशी ठरवलं, हे कडं काढीन तेव्हाच ही मला ओतायला देईल.

अशात एका हॉटेलचं काम आलं. साठ मेणबत्त्या, शनिवारपर्यंत. हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला होता, हातात पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन. रंग लोण्याचा. म्हणाला, "मॅडम, साठच्या साठ सारख्या पाहिजेत. रंग एकोणीस-वीस झाला तरी मी परत पाठवीन." आणि जाता जाता म्हणाला, की पसंत पडल्या तर वर्षभराचं काम तुम्हालाच. ते ऐकल्यापासून ही घरात गुणगुणायला लागली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी तिला गुणगुणताना फार वेळा ऐकलेलं नाही. शुक्रवार सकाळपर्यंत पन्नास झाल्या, दहा राहिल्या. दोघी खोकी आणायला बाजारात गेल्या, आणि मी घरात एकटा. मी, भांडं, आणि ते कडं.

फोनवर एक मुलगी आहे, ती सगळं साफ करून दाखवते. तिची भांडी मुळात घाण झालेलीच नसतात, तो भाग वेगळा. ती म्हणाली, "घाबरू नका, भांडं सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आक्रसतं आणि आपोआप सुटतं." म्हटलं, आठ महिने मी तापवत बसलो आणि उत्तर बर्फात होतं! वाटाण्याची पिशवी बाजूला सारली, भांडं आत ठेवलं, तासाभराने काढलं, उलटं धरून बुडावर एक थाप मारली आणि... टक्! अख्खं कडं हातात. कुठे चीर नाही, तुकडा नाही, सबंध. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला भरून आलं. मी ते कडं एका ताटलीत ठेवलं, तुटू नये म्हणून ताटली पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली, भांडं आरशासारखं लखलखीत पुसलं, त्यात स्वतःचं तोंड बघून घेतलं आणि दारात उभा राहिलो.

दोघी आल्या. मी भांडं पुढे केलं. हिने आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आत बघितलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "इथलं कडं कुठाय?"

म्हटलं, काढलं. हिने खोकी जमिनीवर ठेवली आणि स्टुलावर बसली. मेहुणीने मला सांगितलं ते असं, की भाऊजी, ते माप होतं. सहा वर्षं ताई मेणाचे तुकडे टाकत जाते, वितळलेलं मेण त्या कड्याला टेकलं की थांबते, आणि मग त्यात मोजून तीन चिमट्या रंग. वजनकाटा ह्या घरात कधी लागलाच नाही. मेण बोटभर जास्त झालं तर रंग पांढरा पडतो, बोटभर कमी झालं तर हळदीसारखा पिवळा होतो, आणि पन्नास मेणबत्त्या लोण्याच्या रंगाच्या करून झाल्यात. मी म्हटलं, मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? तर ही म्हणाली, "राहू द्या म्हणून आठ महिने सांगतेय." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती मांडीवर हात ठेवून त्या लखलखीत भांड्याकडे बघत बसली. मला माझीच लाज वाटली हो. वर्षभराचं काम मी एका थापेत उडवलं होतं.

मेहुणीने विचारलं, "भाऊजी, कडं टाकलंत कुठे? कचऱ्यात?" आणि मी म्हटलं, कचऱ्यात कशाला टाकीन? आठ महिन्यांची कमाई आहे ती! फ्रीजरमधून ताटली काढली. तिघांनी त्या कड्याकडे बघितलं. आणि टपालातल्या माणसाला शेवटी एकच गोष्ट येते बघा, ज्याची वस्तू त्याच्या जागी पोचवणं. भांडं वर रुंद आणि खाली निमुळतं. मी कडं दोन बोटांत धरून हळूच आत सोडलं. सरकत सरकत खाली गेलं आणि एका जागी येऊन घट्ट बसलं. दुसरीकडे कुठे बसणारच नाही ते! मी त्याच्या खालच्या कडेशी खिळ्याने गोल रेघ मारली, खोल, पुन्हा कुणी कितीही घासली तरी न जाणारी.

ही उठली. शेगडी पेटवली. मेण वितळून रेघेला टेकलं, तीन चिमट्या रंग पडला, आणि मग ही म्हणाली, "मी वाती धरते. तुम्ही ओता."

दहा मेणबत्त्या. तुम्हाला सांगतो, पहिल्या दोन साच्यांपर्यंत मी श्वासच घेतला नव्हता. थोडं टेबलावर सांडलं, नाही म्हणत नाही, थोडं चपलेवर. मेण जागा बदलायचंच. पण साच्यांतून काढल्या तेव्हा लोणी! मेहुणीने त्या पन्नासात मिसळल्या आणि मग तिलाच सांगता येईना, भाऊजींच्या कुठल्या. शनिवारी मॅनेजर आला, पडद्याचा तुकडा प्रत्येकीला लावून बघितला, मान हलवली आणि वर्षभराचं काम देऊन गेला. तो गेल्यावर ही माझ्याकडे वळून म्हणाली, "जमलं हो तुम्हाला. आता ओतायचं काम तुमच्याकडेच." माझी छाती अशी फुगली! म्हटलं, म्हणजे भांडी सुटली. विचारलंसुद्धा, मग आता भांड्यांना कोण?

"ज्याने ओतलं त्याने गरम आहे तोवर पुसून ठेवायचं," ही म्हणाली. "मी काय सहा वर्षं दुसऱ्या कुणाला बोलवत होते?"

आता दोघी हॉटेलवाल्यांना भेटायला जातात, खोकी बांधतात, फोन घेतात. मागच्या खोलीत मी. ओततो, पुसतो, ओततो, पुसतो. तक्रार नाही. कचेरीत मला दोनदा बढती मिळाली होती, आणि दोन्ही वेळा नवं टेबल देताना जुनं टेबल माझ्याकडेच ठेवलं होतं. आणि त्या आनंदात सगळ्यांना चहाही मीच पाजला होता. ह्या वेळीही चहा मीच केला, फक्त इथे कपबशासुद्धा मीच विसळल्या.