टीव्हीवरचा लंगडा पैलवान

चहा पाजून दरवेळी मलाच बोलायला लावता, तुम्हाला दुसरा धंदा नाही. ऐका, आणि मधे बोलू नका.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत तेव्हा टीव्ही एकाच्याच घरी. रविवारी मैदानात फ्रीस्टाइल कुस्तीचा मोठा सामना होता, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच दोन पैलवानांची, शेरू आणि एका मुखवटेवाल्याची, कुस्ती टीव्हीवर दाखवली. मुखवटेवाल्यानं शेरूच्या उजव्या पायावर खुर्ची हाणली. शेरू विव्हळत, लंगडत बाहेर गेला. बायका हळहळल्या.

मी म्हणालो, "अरे, मार उजव्या पायाला आणि लंगडतोय डाव्यानं! ही नुरा कुस्ती, आधीच ठरवलेली. उद्या शेरूच जिंकणार."

टीव्हीचा मालक उसळला. "माज्या टीव्हीत खोटा कधी दिसूक नाय! उठ, भायर हो!"

सगळ्या चाळीदेखत मला हाकललं.

रविवारी अख्खी चाळ मैदानात. शेरू टणाटण उड्या मारत आला आणि त्यानं मुखवटेवाल्याला उचलून दोरांबाहेर फेकलं. आमच्या पोरांनी शेरूला सोडून मलाच खांद्यावर घेतलं! वरून मी टीव्हीच्या मालकाला ओरडून विचारलं, "काय रे, टीव्ही काय म्हणतो?"

तो म्हणाला, "पाय रातीत बरो झालो आसतलो."

चाळ पडली, टॉवर आला, तरी त्या माणसाला माफी मागायला तोंड उघडवत नाही. वसंत परब त्याचं नाव.