विहीणबाईंचा घट्ट चहा

यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला, तर माझं नाव बदल!

लकवा झाल्यापासून मला पातळ काही गिळता येत न्हाई, जल्दी ठसका लागतो. म्हणून डाक्टरनं भुकटी देल्ती. टाकून हलवली की पाणी असो का चहा, बराबर घट्ट होतो.

जाफराबादची माझी विहीण, म्हंजे लेकीची सासू, आली की एकच टोमणा, "तुमच्याकडचा चहा बिलकुल पाणी!" तिकडं घरी लेकीलाबी तेच ऐकवायची. लेक फोनवर रडायची.

परवा विहीण आल्ती. मी तिच्या कपात भुकटीचे दोन चमचे जास्तीच टाकले, हलवलं अन् जरा थांबून कप देला. तिनं बशीत ओतायला वाकडा केला. चहा येईना! अजून वाकडा केला, तर थपकन गोळाच पडला.

"अगं बाई, हे काय?"

"चहाच हाय की. आता पातळ म्हणू नका."

स्वतःच बोलून बसल्ती, मंग करती काय? चमच्यानं चाटत म्हणती कशी, "लई दाट दूध हाय. म्हैस कुठली?"

"घरचीच हाय," मी म्हणलं.

आज सकाळी लेकीचा फोन आल्ता. हसून हसून बोलता येईना तिला. "आई, सासूबाईंनी यांना तुझी म्हैस इकत घ्यायला धाडलंय. दुपारपर्यंत येतेत."

आमच्या दारात तर शेळीबी न्हाई! ऊठ, जा आता. शेजारणीची म्हैस आणून बांधायचीय मला.