स्वस्तातला थांबा

हॅलो?… हॅलो, ताई? उतरलीस?… मग आवाज एवढा लांबून का येतोय?

…काय? परत सांग.

अजून तिथेच? त्या बेटावरच?… अगं, पण पहाटे सुटणार होतं ना पुढचं विमान!… धुकं? कसलं धुकं, इथं लख्ख ऊन पडलंय!… हो, हो… इथल्या उन्हाचा तिथं काय उपयोग, कळतंय मला. ओरडू नकोस… बरं, मीच ओरडतेय.

मग कधी म्हणतात?… ‘संध्याकाळी बघू’? बघू म्हणजे काय, भाजी आणायला निघालेत का? त्या काउंटरवरच्या बाईला सांगितलंस का, वडिलांचं ऑपरेशन आहे म्हणून?… आणि?… प्रत्येकाचं काही ना काही आहे म्हणाली?… हं. असेलही.

नाही गं, अजून नेलं नाही. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसलेय. सिस्टर आत्ताच त्यांना हिरवा झगा घालून गेली. मागून सगळा उघडा. सारखे मागे हात नेऊन धरून ठेवतायत… हसू नकोस… रडतेस होय? मला वाटलं हसतेस.

विचारलं ना! मला धाकधूक होतीच, म्हणून कालच डॉक्टरांना विचारून ठेवलं. एक दिवस पुढं ढकलता येईल का? नाही म्हणाले. गाठ श्वासनलिकेवर टेकलीय. रात्रीत श्वास कोंडला तर?… हो, स्वरयंत्र सगळंच काढणार. थोडंसुद्धा ठेवणार नाहीत… यंत्र लावतात म्हणे नंतर गळ्याला. पण तो काय बाबांचा आवाज असणार आहे, ताई?

काय म्हणालीस?… तुटतंय… चार्ज नाही? मग लाव ना कुठंतरी!… चार्जर मोठ्या बॅगेत. वा! आणि मोठी बॅग विमानाच्या पोटात. वा!

थेट विमान कालच उतरलं. हो, बघितलं मी. बघायला नको होतं, पण बघितलं. वेळेच्या आधी उतरलं… तुझ्याच डोक्यावरून गेलं असेल समुद्र ओलांडून.

नाही, ऐक… अगं ऐक ना! तू थेटच म्हणत होतीस. मीच म्हटलं, ‘बघू तरी, थांबा घेऊन स्वस्तात काय पडतं.’ आपल्या घरात सवयच ती. चपला घ्यायच्या तरी आधी चार दुकानं फिरायची. आणि बाबा तर काय, उशीला टेकून बसले आणि लिलावच लावला तिकिटांचा! सगळा जन्म बाजारात टोमॅटो-कांद्याचे लिलाव पुकारले, आता लेकीचं तिकीट पुकारतायत! ‘थांब्याचं विमान… एक वार! दोन वार!’ शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा बोट वर करत होते. आणि ‘तीन वार’ म्हटल्याबरोबर मी बटण दाबलं… हो, माझ्याच बोटानं… तू हो म्हणालीस, कारण आम्ही इकडे हसत होतो. कितीतरी दिवसांनी हसत होतो, म्हणून तू हो म्हणालीस. मला काय कळत नाही?

तेच. तेच त्यांचं शेवटचं मोठ्यानं बोलणं.

त्यानंतर तोंड उघडलं नाही त्यांनी… नाही, येत नाही असं नाही. थोडासा आवाज आहे शिल्लक, डॉक्टर म्हणाले. पण तो साठवून ठेवलाय. तुझ्यासाठी. तू समोर येऊन बसलीस की काढणार… फोन कानाला लावला की मान हलवतात. रेकॉर्ड करू म्हटलं तर माझा हात झटकला. पाणी हवं तरी बोट, खिडकी लावायची तरी बोट. अगं, आवाजाचीसुद्धा काटकसर करतो का कुणी?

मी कसं सांगू त्यांना, ताई?… सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत. दात घासले, केस विंचरून घेतले माझ्याकडून. मला नाही सांगता येणार. तू सांग… हो, तूच…

थांब, सिस्टर आली… काय?… आत्ताच?… दोनच मिनिटं द्या ना सिस्टर, बहीण आहे फोनवर… हो, हो, कळतंय मला, सगळे तयार आहेत… दोन मिनिटं!

ताई, मी आत जातेय. फोन ठेवू नकोस हं. काही झालं तरी ठेवू नकोस.

…बाबा. बाबा, इकडे बघा. ताई आहे फोनवर… नाही, खालून नाही बोलत. ती… ती तिथंच अडकलीय, बाबा. धुकं पडलंय. नाही पोचणार ती आज… नाही हो, हातानं स्टिअरिंग काय फिरवताय? टॅक्सी कुठून मिळणार, बेट आहे ते. चारी बाजूंनी समुद्र.

…बाबा, असं कपाळ बडवून नका ना घेऊ. तुमची काही चूक नाही. माझी आहे. आपल्या दोघांची मिळून आहे, बस!

…काय? फोन?… हो, देते, देते! स्पीकरवर टाकते, धरू नका तुम्ही… ताई, मागताहेत फोन! बोलतायत! गप्प बस, रडू नकोस, ऐक नुसती… बोला बाबा. सावकाश. लहानपणी म्हणायचात तसं तिला बुटकी म्हणायचं होतं ना? म्हणा.

…ऐकलंस, ताई?… ताई?… हॅलो?

हॅलो?…

नाही, काही नाही बाबा. आहे ती, ऐकतेय… फोनचा पडदा काळा होतोच हो बोलताना, तशी सोयच असते त्यात. बोला तुम्ही. थांबू नका.

…हो. हो बाबा…

…रडतेय, हो. ऐकू कसं येईल? भोवती माणसं आहेत ना तिच्या, तोंड दाबून रडतेय बिचारी… नाही, रागावली नाही. तुमच्यावर कशाला रागावेल?… हो, येईल ना. आली की इथंच बसवते तिला, तुमच्याजवळ… हो, जेवू घालूनच पाठवते…

सिस्टर, एक मिनिट. एकच… अहो, झालंच. निरोप घेतायत ते.

काय बाबा?… एक वार… हो, हसली ती. हसली… दोन वार…

नको. बाबा, नको ना… तीन वार नका म्हणू. इतक्यात नका म्हणू.