मावशीचं पदक

—हसा की मास्तर, हसा, फक्त शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात तेवढं ध्यानात ठेवा. हो, खेचराचंच पदक आहे. तुम्ही बरोबर ऐकलंत. उद्या माजी सैनिकांचा मेळावा, त्यासाठी हा कोट ट्रंकेतून काढलाय, आणि यावर मला ते लावायचंय. आमच्यात पद्धत अशी, की स्वतःचं पदक डाव्या बाजूला, आणि घरातलं कुणी गेलेलं असेल तर त्याचं उजव्या. म्हणून उजवीकडे लावा, खिशाच्या वर. सावकाश होऊ द्या, मला कुठं जायचंय.

काल आमच्या माजी सैनिक संघाच्या खोलीत याच्यावरच बैठक झाली. बैठक कसली — डुगडुगत्या खुर्च्या, फिरावं की नको याचा विचार करणारा एक पंखा, आणि त्याच्याखाली सगळे छाती काढून बसलेले. विषय काय, तर कोण पात्र आणि कोण अपात्र. दरवेळी तोच. लढाई संपून म्हातारे झाले, अर्धे दात पडले, तरी यांचं आपलं चालूच — तू खिंडीच्या अलीकडे होतास का पलीकडे, तू वर मुक्कामाला होतास का नुसता जाऊन आलास. त्या डोंगरावरच्या चौकीचं पदक कुणाला? तर जो रात्री वर झोपला त्याला. नियमच तसा. झोपला पाहिजे! आमचा कोठारवाला बघा — रसद पोचवायला म्हणून एकदा वर आला, पाय मुरगळून बसला, आणि पुढं महिनाभर खंदकात पांघरूण घेऊन पडून, आमच्यासाठी आणलेले डबे स्वतःच उघडून खात. त्याच्या छातीवर आहे ते पदक. रोज राखेनं घासतो म्हणे. घासू दे बापड्याला, तेवढाच हाताला व्यायाम.

आणि आम्ही खेचरवाले? आम्ही पहाटे वर जायचं, अंधार पडला की खाली यायचं. वर आणखी माणसांना आडवं व्हायला जागाच नव्हती. खेचरं मात्र वरच बांधायची, रात्रीतून तोफ हलवावी लागली तर असावीत म्हणून. दिवसभर मी आणि माझं खेचर, झऱ्यापासून चौकीपर्यंत, उघड्या उतारावर पाणी ओढत. आणि गोळे पडायचे ते दिवसाच हो, मास्तर. रात्री दोन्हीकडचे घोरायचे. आता पदक कशाचं, घोरण्याचं? — नका सांगू, टाचण्या. मला स्वतःला काही नको होतं, हं. पितळेचा तुकडा तो. मी कधी कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही.

माझ्या त्या खेचराला सगळे मावशी म्हणायचे. का, तर कान मागं पाडून येईल त्याच्यावर करवादायची. म्हातारी झाल्यावर पलटणीनं तिला काढून टाकली, तेव्हा मी घरी आणली. आमची ही म्हणाली, घरात एक हट्टी जनावर होतं ते पुरेसं नव्हतं का? पण शेवटी पाणी पाजायला हीच बसली होती तिच्या उशाशी. तर काल मी बैठकीत उभा राहिलो, म्हटलं, मावशी गेली, तिचं पदक मी लावतो. आमचे मिशीवाले अध्यक्ष म्हणतात, "नातेवाईक असावा लागतो. बायको, मुलगा, बाप. खेचराचा तू कोण रे?" मी म्हटलं, साहेब, मावशी तर तुम्हीही म्हणत होतात. तिच्या पाठीवरचं पाणी प्यालात तेव्हा नाही विचारलंत, नातं काय म्हणून. झालं, सगळे फिदीफिदी हसले. कोठारवाल्याला तर हसता हसता ठसका लागला, पाणी पाणी करायला लागला. मीच उठून दिलं. सवयच ना आमची.

पदक खोटं नाही हो, उलटून बघा पाहिजे तर. मागं नावाची जागा कोरी आहे एवढंच — मला तरी कुठं वाचता येतंय. तेव्हा मोठे साहेब पदकं वाटायला आले होते. चौकीवरचा कप्तान मस्कऱ्या, तो म्हणाला, मावशीचाही हक्क आहे, तिनं एकही रात्र चुकवली नाही. साहेबांनीही हसत हसत खोगिराच्या पट्ट्याला लावलं. फोटो निघाला. दावं माझ्या हातात. मग साहेबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "आणि याचं?" कारकून म्हणाला, "हा खाली झोपायचा, साहेब." — खाली झोपायचा! जसं काही मी... असू दे. साहेब पुढं गेले. मीही हसलो तेव्हा. सगळेच हसत होते, मी एकटा काय करणार? फोटोत आहे मी. म्हणजे हात आहे. मागाहून त्या कारकुनाला गोडीत समजावलं, म्हटलं, बाबा रे, गोळे दिवसा पडायचे. तो म्हणाला, नियम आहे. पुन्हा गेलो, तरी नियम. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तर त्यानं — बरं, गेलो होतो! गेलो होतो म्हणून काय झालं? बायकोनं पाठवलं होतं. ...नाही, बायकोनं नाही. ती तर म्हणत होती, जाऊ नका.

झालं का? आरसा करा बघू इकडं. जरा खाली —

मास्तर, हे डावीकडं लावलंत तुम्ही.

पहिल्यांदाच उजवीकडं म्हणून सांगितलं होतं ना मी? — हो हो, कळलं, रोज डावीकडंच टाचता, हात आपोआप तिकडंच जातो. राहू द्या. घडीभर राहू द्या हो, तेवढ्यानं काय आभाळ कोसळत नाही. ...कोट जरा भरल्यासारखा वाटतो, नाही? खांदाही सरळ दिसतो.

...

नको. काढा ते. माझा कोठारवाला व्हायचा. उजवीकडं घ्या, जिथं सांगितलं तिथं. हसतील उद्या, हसू देत. तेव्हाही हसलेच होते. — आणि तुम्ही काय असं बघताय माझ्याकडं? टाचण्या नका काढू तोंडातून. काही बोलायचं नाहीये तुम्हाला. शिवा.