करवंदीच्या जाळीतला ससा

आवं न्हाई शरयूताई, वर नका जाऊ आज — चिखल लय झालाय, चप्पल सटकंल तुमची. बसा, च्या टाकते. पोरी लावतील की रोपं, दर ऐतवारी सांगलीहून तुमच्यासंगं येत्यात, शिकल्यात आता. ससा? असंल की. करवंदीच्या जाळीतच असंल, जातोय कुठं त्यो — तुमी दावल्यापासनं मी लांबनंच बघते. दुष्काळात डोंगर निसता बोडका झालता, सशाचं शेपूट दिसत नव्हतं. मी न्हाई राखला व्हय? गुंडानं फासा लावला, तर तुमी दिलेली शिट्टी फुंकून सारा गाव गोळा केला मी. सख्खा दीर माझा — वरीस झालं, बोलत न्हाई.

वास? कसला वास — हां, रश्शाचा. जावई आलाय न्हवं, कृष्णात, मिलिटरीतनं रजेवर. पैलाच आखाड त्याचा. कोंबडा राखून ठिवलाता, त्यो मुंगसानं नेला ऐन येळंला. मग आखाडात जावयाला आमटी वाढायची का? वाढली असती तर काय बिघडत हुतं, म्हणा — त्यो काय मागत नव्हता. निसता हसत म्हणाला, "मामी, एवढा डोंगर राखताय, एखादा ससा तरी असंल की." न्हाई म्हणायचं हुतं मी. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत हुती — बोट केलं मी. निसतं बोट. जाळी तुमाला आन् मला, दोघींनाच ठावं हुती.

मी खाल्लं न्हाई हां. एक घास न्हाई, पोरीची शप्पत. मीठ बघाय तेवढा थेंब — थेंब न्हवं, पळीभर. मग परत एकदा पळीभर. मीठ बरूबर हुतं तरी.

सकाळी गुंडा दारात थांबला. वरीसभरानं पैला शब्द बोलला — "वैनी, शिट्टी कुठाय?" आन् गेला हसत.

ही बघा, हिथंच हाय. घ्या. — घ्या की, ताई. माझ्यापाशी नका ठिवू आता. आवं, रागवा तरी, दोन शब्द बोला, असं बघू नका — च्या? च्या उतू गेला बघा सगळा.

जावा तुमी. पोरींना सांगा, ससा... न्हाई, काय नका सांगू. आन् ताई — तिकडनं नको, परड्यात कातडं टांगलंय. पुढच्या दारानं जावा.